ओरिक्सची शिकार: रेंजच्या आत की बाहेर, आणि गाईड नेमका कुठे घ्यावा?

आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ओरिक्स या हरणासारख्या जनावराच्या शिकारीचं परमिट सोडतीत लागतं. ते रेंजच्या, म्हणजे लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या आवाराच्या, आतलं लागलं तर गाईडवर फार पैसे घालू नका. बाहेरचं लागलं तर हात आखडता घेऊ नका. मी नेमकं उलटं करून बसलो होतो.

ओरिक्स मूळचा आफ्रिकेतल्या कालाहारीचा. काळापांढरा चेहरा, नर-मादी दोघांनाही भाल्यासारखी सरळ शिंगं. १९६९ ते १९७७ या काळात राज्याच्या वन्यजीव खात्याने व्हाइट सँड्स मिसाइल रेंजवर नव्वदहून जास्त ओरिक्स सोडले. इथे सिंह नाहीत, विणीला ठरावीक हंगाम नाही. कळप हजारोंवर गेले. म्हणून परदेशी जनावर असूनही त्याची शिकार खासगी रँचवर न जाता सरकारी जमिनीवर करता येते.

रेंजची आतली जमीन लष्कराची. १९४५ साली पहिला अणुबॉम्ब फोडला तो याच आवारात. न फुटलेला दारूगोळा अजून पडलेला असतो, त्यामुळे ठरवून दिलेल्या भागातच फिरायचं, तेही दोन-तीन दिवस. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. पण जनावरं भरपूर. पहिल्याच सकाळी मला तीन कळप दिसले, दुर्बीण न लावता. गाईडचं काम उरलं ते दीड-पावणेदोनशे किलोचं धूड सोलून गाडीत चढवण्याचं. त्यासाठी दोन धट्टेकट्टे मित्र पुरले असते.

बाहेरची गोष्ट निराळी. रेंजला लागून असलेल्या केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर महिनाभराचं परमिट असतं आणि अर्ज दरवर्षी करता येतो. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सरकारी जमिनीत खासगी तुकडे मिसळलेले, आणि ओरिक्स रेंजमधून बाहेर येऊन परत आत जाणारा. दुसऱ्या वर्षी मी एकटाच गेलो. चौथ्या दिवशी एक मादी दिसली, ती कुंपणापलीकडे. अर्धा तास ती झुडपं चरत होती, मी तारेच्या अलीकडे बसून बघत होतो. ती कुठून बाहेर पडते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच पैसे द्यायचे.

सोडतीचं गणितही बघा. ८४ टक्के परमिटं राज्यातल्या रहिवाशांना, १० टक्के नोंदणीकृत आउटफिटरशी, म्हणजे शिकारीची व्यवस्था करून देणाऱ्या व्यावसायिकाशी, करार केलेल्यांना आणि ६ टक्के करार न केलेल्या बाहेरच्यांना. दरवर्षी अर्ज करून गुण साठवायची सोय नाही, सगळा नशिबाचा खेळ. न्यू जर्सीसारख्या बाहेरच्या राज्यातून अर्ज करणार असाल तर १० टक्क्यांतून आत शिरण्याचा विचार जरूर करा.

टेक्सासची नीलगाय, म्हणजे विदर्भात तुरीच्या शेतातून हाकलतात तो रोही, हा दुसरा पर्याय. तिथे हंगामाचं बंधन नाही. पण टेक्सासची बहुतेक जमीन खासगी, त्यामुळे ही शिकार मुख्यतः रँचवरच, आणि पैसे मोजून. लागुना अटास्कोसा अभयारण्यात सोडतीने संधी मिळते. दक्षिण टेक्सास जवळ असेल तर ठीक, एरवी मी ओरिक्सच निवडेन.

एच-वन-बीवर असाल तर एक ध्यानात ठेवा. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची उसनी असली तरीही.

गाईडला फोन कराल तेव्हा शिंगं किती इंच मिळतील हे विचारू नका. त्या सरकारी जमिनीवर धंदा करायचा परवाना आहे का, आणि गेल्या महिन्यात कुंपणाबाहेर स्वतः किती दिवस काढले, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नावर जो चाचरतो त्याचा नंबर मी खोडून टाकतो.