उद्योजकता प्रशिक्षण: आठ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

सोलापुरात शेंगा चटणी मी 12 वर्षं करून विकतेय, मला हे काय नवीन शिकवणार, असं म्हणतच गेले होते. कोर्स होऊन आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

सगळं वसूल झालं ते एका दुपारी. मॅडमनी प्रत्येकीला आपल्या मालाचा खर्च फळ्यावर मांडायला लावला. मी दाणे, तिखट, लसूण, जिरं, गॅस, पाऊच लिहिलं. त्या म्हणाल्या, "भाजल्यावर वजन किती उरतं?" किलोभर दाणे भाजून, साल पाखडून 900 ग्रॅमच्या आसपास राहतात हे हाताला ठाऊक होतं, हिशोबात कधी आलंच नाही. आणि कुटायची मजुरी? शून्य. 12 वर्षं फुकट कुटत होते! घरी येऊन पाव किलोमागे 20 रुपये वाढवले. नवी पेठेतल्या एका दुकानदाराने माल बंद केला, बाकीचे कुरकुरून गप्प बसले.

पॅकिंगचं सत्र मात्र वाया. पडद्यावर वेफर्सच्या पिशव्या. आमच्या चटणीला तेल सुटतं, पाऊचच्या तोंडाला ते लागलं की सील धरत नाही. पुण्याला पाठवलेली पहिली पार्सलं आतून तेलाने माखली. आता जाड कागदाची सुरळी आत घालून भरते, तोंड कोरडं राहतं.

उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदीला, पैसे लागत नाहीत हे तिथेच कळलं. एजंट 1500 मागत होता. अन्न प्रक्रिया उद्योगासाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत 35 टक्के अनुदान असल्याचंही कळलं, पण ते कर्जाला जोडलेलं. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, "मिस्टरांना घेऊन या." बघू.

खरी तक्रार वेळेची. 11 ते 5! नोंद 32 जणींची, रोज येणाऱ्या 14. पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका तिसऱ्या दिवशी यायच्या थांबल्या. हजार विड्यांमागे मजुरी, दिवस बुडाला की पैसे बुडाले. त्यात घरची भाषा तेलुगू. शेजारीण 'ब्रेक इव्हन' (ना नफा ना तोटा) समजावेपर्यंत पडद्यावर पुढचंच काही. पाण्याच्या दिवशी तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. त्यावर सर म्हणाले, "महिलांना सिरियसनेस नाही." चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात पाण्याचा वार बघून वर्ग ठेवायला काय जातं? समारोपाच्या फोटोला मात्र सगळ्या 32 हजर, फोन करकरून बोलावलेल्या.

गल्लीतली एक जण परवा विचारत होती, जाऊ का म्हणून. म्हटलं जा, हिशोबाचा दिवस चुकवू नको. तुझं पाणी मी भरून ठेवते.