ईएसआर मीटर: सुकलेला पकडतो, गळका सोडतो

सत्तरच्या दशकातला माझा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर दुरुस्तीला घेतला आणि त्याच निमित्ताने हा हातात मावणारा ईएसआर मीटर आणला. ईएसआर म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, ओहममध्ये; कपॅसिटर सुकला की तो वाढतो. सहा महिने वापरून लिहितोय.

आधी कौतुक. कपॅसिटर बोर्डावरून न उपसता जागेवरच तपासता येतो, कारण टोकांवरचा व्होल्टेज इतका कमी की आजूबाजूचे ट्रान्झिस्टर चालूच होत नाहीत. उजव्या चॅनेलचा खर्ज पार गेला होता. मल्टिमीटरने दोन संध्याकाळी घालवल्या. या मीटरने फीडबॅकच्या वाटेतला 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाच मिनिटांत दाखवला: उजवीकडे 28 ओहम, डावीकडे त्याच जागी 0.9. दोन्ही चॅनेल सारखे असतात, त्यामुळे मी मीटरसोबत आलेल्या तक्त्याकडे बघतच नाही, डाव्या-उजव्याची तुलना करतो.

आता रडगाणं. आवाजाचा नॉब फिरवला की खरखर यायची. पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रेझिस्टर, क्लीनरने धुतला, आठवडाभर बरा, पुन्हा खरखर. मीटरने पॉटच्या अलीकडचा 1 मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (आवाजाचा सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) 4 ओहम, म्हणजे ठणठणीत, असा निकाल दिला. मीही भाबडेपणाने मानला आणि नवा पॉट बसवला. तरी खरखर! शेवटी पॉटच्या वरच्या पायावर डीसी मोजला तर 340 मिलिव्होल्ट. तिथे जवळपास शून्य हवा. कपॅसिटर उपसून 20 व्होल्ट 100 किलोओहमच्या रेझिस्टरमधून दिले, तर बराच वेळ थांबूनही रेझिस्टरवर 0.7 व्होल्ट टिकून. म्हणजे 7 मायक्रोअँपिअरची गळती. मीटर एसीवर मोजतो, त्याला ही गळती दिसणारच नव्हती. हे पुस्तिकेत एका ओळीत तरी लिहायला हवं होतं. जागी फिल्म कपॅसिटर टाकला, खरखर बंद. जुना पॉट उगाच बदनाम झाला.

समांतर जोडलेल्या कपॅसिटरांतही फसगत होते. एक चांगला असला की दुसऱ्याचं मरण झाकलं जातं. तिथे एक पाय उपसावाच लागतो.

आणि एक माझीच चूक. सप्लायचा फ्यूज काढलेला, त्यामुळे 4700 मायक्रोफॅरडच्या मोठ्या कपॅसिटरला रिकामं व्हायला वाटच नव्हती. 35 व्होल्ट भरलेले असताना मी टोकं लावली. टक्! त्यानंतर मीटर प्रत्येक कपॅसिटर शून्य ओहम, म्हणजे सर्वोत्तम दाखवू लागला. आतले संरक्षक डायोड शॉर्ट झाले होते. दोन डायोड बदलल्यावर शुद्धीवर आला. आता मीटरच्या डबीतच क्लिपा लावलेला 220 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर ठेवलाय.

वायरी आखूड आणि ताठर आहेत, स्वतःचेच 0.2 ओहम खातात, म्हणून दरवेळी शून्यावर आणायचा. पाचपैकी साडेतीन. पुस्तिका लिहिणाऱ्याचा अर्धा मी कापलाय.