बारा घोडे, एक दिवाळी: २८ मिमी प्रशियन क्युरॅसियरचा अनुभव

टेबलावर लढाई खेळायला साधारण २८ मिमी उंचीचे सैनिक जोडून रंगवायचे, त्यांचं हे किट जूनमध्ये आलं, दिवाळीत बारावा स्वार घोड्यावर चढला आणि तेव्हापासून सहा डाव खेळून झालेत. आता बोलायला हरकत नाही.

घोडे प्लॅस्टिकचे, स्वार धातूचे. मी केली ती प्रशिया या जुन्या जर्मन राज्याची आठवी क्युरॅसियर (चिलखत घालणाऱ्या घोडेस्वारांची) रेजिमेंट; ५ नोव्हेंबर १७५७ ला रॉसबाखच्या लढाईत प्रशियन घोडदळाचा सेनानी झायडलिट्झने ज्या ३८ स्क्वाड्रन्स (घोडदळाच्या तुकड्या) शत्रूवर घातल्या, त्यांतली.

घोड्याचे दोन अर्धे जोडायचे असतात. बारापैकी चौघांच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या अंगावर, चांगली फट राहिली. पुट्टी भरा, वाळवा, घासा. एवढे पैसे मोजल्यावर हे खटकतंच. स्वार मात्र सुरेख, मिशासुद्धा ब्रशला सापडतात.

पुढचा घोटाळा माझा. भर जुलैत गॅलरीत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर) मारला. दमट हवेने घोड्यांवर रवा भुरभुरल्यासारखा थर बसला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन एक अख्खा रविवार घोडे खरारा केले.

रंगवताना घोडा आणि स्वार वेगळे ठेवा, नाहीतर खोगिराखाली ब्रश पोचत नाही. घोड्याला आधी फिकट तपकिरी ॲक्रेलिक, त्यावर कॅम्लिनचा बर्न्ट अंबर तैलरंग फासायचा आणि लगेच स्पंजने पुसायचा. उंचवट्यावरचा निघतो, खाचेतला राहतो. बरगड्या, मानेचे स्नायू आपोआप उठून दिसतात. पावसाळ्यात तो वाळायला आठवडा गेला. क्युरॅसियरचे घोडे बहुतेक काळे नाहीतर गडद तपकिरी, त्यामुळे पंचकल्याणीची हौस एकाच घोड्यावर भागवली. (मराठी स्वार करायला घेईन तेव्हा अबलख, सब्जा सगळे येतील, तिथे गणवेशाची कटकटही नाही.)

कोट पांढराशुभ्र नको, सायीच्या रंगाचा हवा. कॉलर आणि बाह्यांची टोकं गडद निळी. चिलखत काळं आणि फक्त छातीला. पाठीवर नुसते पट्टे, ते रंगवताना डोळ्यांचा पार भुगा होतो.

खेळताना खरी रड तलवारींची. गुडघ्याला गुडघा लावून दोन रांगा उभ्या केल्या की मागच्याची तलवार पुढच्याच्या पाठीत. तीन वाकल्या, सरळ करताना रंगाचे पोपडे निघाले, एक तुटलीच. तिथे मुठीत भोक पाडून टाचणी बसवली आणि टोक कापलं. ती अजून ताठ आहे. शेजारच्या दोन कालच्या डावात पुन्हा वाकल्या.