सेफएफएस : कमांड लाइनवरून सांभाळण्याजोगी साठवण

बेळगाव-खानापूर परिसरातील जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने आम्ही सेफएफएस (CephFS) या अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र वापरणाऱ्या फाइल सिस्टिमवर ठेवतो, आणि तिचे व्यवस्थापन कमांड लाइनवरूनच, म्हणजे आज्ञा टाइप करून करावे, असे माझे ठाम मत आहे. २०१६ च्या ज्युएल आवृत्तीत स्थिर ठरलेली ही फाइल सिस्टिम मजकूर व मेटाडेटा (फाइलींची नावे, मांडणी वगैरे माहिती) वेगळ्या पूलमध्ये, म्हणजे साठवणीच्या स्वतंत्र विभागांत ठेवते, आणि सेफअ‍ॅडम हे सेफची उभारणी सांभाळणारे साधन असल्यास ‘सेफ एफएस व्हॉल्यूम क्रिएट’ ही एकच आज्ञा पूल उभारून मेटाडेटा सर्व्हरही सुरू करते.

सर्वाधिक कौतुक तिच्या सावधपणाचे वाटते. फाइल सिस्टिम काढण्याआधी ती बंद करावी लागते, आणि त्यानंतरही ‘यस आय रिअली मीन इट’ हा पर्याय स्वतः टाइप केल्याशिवाय आज्ञा अमलात येत नाही. अमूल्य दस्तऐवज सांभाळणाऱ्याला हा अडसर हवाच. पावसाळ्यात वीज जाऊन एखादा सर्व्हर बंद पडला, तर कोणती डिस्क निखळली हे ‘सेफ हेल्थ डिटेल’ नेमके सांगते.

उणीव खर्चाची आहे. मूळ मांडणीत प्रत्येक माहितीच्या ३ प्रती राहत असल्याने जागा तिप्पट लागते, शिवाय डिस्क ८५ टक्के भरताच इशारा मिळतो आणि ९५ टक्क्यांवर लेखन थांबते, म्हणून छोट्या ग्रंथालयाने डिस्कची तरतूद आधीच करावी.