हरित वीज योजना: वर्षभराच्या वापरानंतर
आमच्या वीज कंपनीची हरित योजना मी वर्षभर वापरली. पुरवठा अखंड होता. मात्र ‘१०० टक्के अक्षय ऊर्जा’ हा दावा वार्षिक प्रमाणपत्रांवर (वर्षभरात तेवढी अक्षय वीज तयार झाल्याचे दाखले) उभा आहे. म्हणजे दुपारची सौरवीज रात्रीच्या वापरापोटी हिशेबात धरली जाते, आणि प्रत्यक्षात त्या वेळी कोळशाचे किंवा वायूचे संच चालू असू शकतात, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायलाच हवे. वाहने विजेवर आली आणि उष्णता पंप (विजेवर घर किंवा पाणी गरम करणारी यंत्रे) वाढले की त्यांचे उत्सर्जनही याच वीजजाळ्यावर ठरणार, म्हणून कंपनीने ताशी जुळणी (दर तासाचा वापर त्याच तासाच्या अक्षय विजेशी जुळवणे), साठवण आणि पारेषण यांकडे वळावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. ॲपमध्ये दर तासाची कार्बन तीव्रता (विजेच्या प्रत्येक युनिटमागे होणारे कार्बन उत्सर्जन) दिसते, ही सोय मात्र उत्तम आहे. ती पाहूनच मी गाडी दुपारी चार्ज करू लागलो.