व्हायरल लोडचा रिपोर्ट दाखवून ३८ हजाराला गंडवलं

नाव गाव विचारू नका, सांगली साईडची आहे एवढंच. मी आणि मिस्टर दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह, पाच वर्षं सरकारी एआरटी सेंटरची (एचआयव्हीवर उपचार देणारं केंद्र) टीएलडी गोळी, म्हणजे तीन औषधांची एकच गोळी, चालू, रोज एक, फुकट मिळते. मूल हवं होतं पण कौन्सिलर ताईंना विचारायची हिंमतच होईना, वाटायचं त्या म्हणतील आता तुम्हाला कशाला मूलबिल.

तर सेंटरबाहेर चहाच्या गाड्यावर एकजण भेटला, वहिनी वहिनी करत फार गोड बोलायचा. म्हणे आमच्या डॉक्टरचा कोर्स आहे, तीन महिन्यात निगेटिव्ह, मग बाळ पण निगेटिव्ह. १८ हजार आधी, २० नंतर. भिशी उचलून दिले, चूर्ण आणि एक कडू बाटली मिळाली. दीड महिन्यानी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते बघायची टेस्ट, करायला लावली, रिपोर्टात 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे टेस्टमध्ये विषाणू सापडला नाही. तो म्हणे, बघा गेला एचआयव्ही, आता सरकारी गोळी बंद करा, गर्भाला उष्ण पडते. आम्ही पेढे आणले हो!

अहो तो रिपोर्ट सरकारी गोळीमुळेच तसा आलेला, गोळीने विषाणू दबतो, जात नाही. सेंटरच्या जुन्या रिपोर्टवरपण हेच लिहिलेलं, आम्ही कधी वाचलंच नव्हतं.

तीन महिने गोळी बंद, सेंटरमधून फोन आला की माहेरी आहे म्हणून सांगायची. मग तोंडात पांढरं आलं, गिळताना दुखायला लागलं, शेवटी सेंटरला गेले. लोड ५० हजाराच्या वर. नशीब तेवढ्यात दिवस राहिले नाहीत.

ताई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या मूल होऊ शकतं की, आधी लोड परत दबू दे, मग गोळी न सोडता चान्स घ्यायचा, फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून, डिलिव्हरी दवाखान्यातच, बाळाला लागण होऊ नये म्हणून नेव्हीरॅपीनचं सिरप, सहा आठवड्यांनी टेस्ट, शेवटची १८ महिन्यांनी. उपचारच नसला तर बाळाला १५ ते ४५ टक्के धोका, नीट घेतला तर ५ च्या खाली. सगळं फुकट. आणि मी ३८ हजार मोजून आले.

पोलिसात जायला मिस्टर तयार नाहीत, नाव फुटेल म्हणतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आपलं स्टेटस आपल्या परवानगीशिवाय सहसा कुणाला फोडता येत नाही हे ताईंनी सांगितलं तरी ऐकत नाहीत. कुणाला सेंटरमध्ये विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.

परवा गोळ्या आणायला गेले तर तोच माणूस गाड्यावर, दुसऱ्या एका पोरीला वहिनी वहिनी चाललेलं. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं तर ती माझ्यावरच चिडली.