कोर्ट, मध्यस्थी केंद्र, लोकअदालत की गावची समिती : वाटणी आणि फारकतीच्या वादात विदर्भातील कुटुंबाने काय निवडावे?

शेतीची वाटणी, धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) भांडणे, अडवलेला पांदण रस्ता, सामाईक विहिरीची पाळी, माहेरी बसलेली लेक आणि थकलेली खावटी (पोटगी) या वादांचे एक वैशिष्ट्य असते. निकाल कोणाच्याही बाजूने लागला, तरी दोन्ही पक्षांना त्यानंतरही त्याच गावात, बहुधा एकमेकांच्या वावराला लागूनच राहायचे असते. असा वाद सोडवण्यासाठी ग्रामीण विदर्भातील माणसासमोर आज प्रामुख्याने चार मार्ग आहेत : न्यायालयात दावा लढवणे, न्यायालयाशी संलग्न मध्यस्थी केंद्रात बसणे, लोकअदालतीत तडजोड करणे, किंवा गावातील तंटामुक्त समितीसमोर विषय मांडणे. यांपैकी एक निवडताना लोक आधी खर्च आणि वेळ विचारतात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु माझ्या मते त्याआधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. शेवटी आपल्या हातात कोणता कागद येणार आणि तो समोरच्याने मोडला तर काय करता येणार, हा पहिला. त्या बैठकीत दोन्ही पक्ष सारख्याच मोकळेपणाने बोलू शकणार आहेत का, हा दुसरा.

न्यायालयाचा मार्ग लांबचा आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते; तो नेमका कुठे लांबतो, हे मात्र दावा टाकताना फारसे कोणी समजावून सांगत नाही. वाटणीच्या दाव्यात न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनामा देते, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे ठरवते. शेतसारा असलेल्या जमिनीची प्रत्यक्ष विभागणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायची असते, त्यामुळे ‘निकाल लागला’ असे म्हटल्यानंतरही तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाचे काम, मोजणी, ताबा आणि फेरफार हे सारे शिल्लक राहते. त्याच सुमारास हरलेला पक्ष जिल्हा न्यायालयात अपील करतो आणि पुढे दुसरे अपील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाऊ शकते. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एक पेशी म्हणजे बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि वकिलाची फी, आणि तीही अनेकदा केवळ पुढची तारीख मिळण्यासाठी. एवढे असूनही न्यायालयाकडे जे अधिकार आहेत, ते इतर तिन्ही मार्गांकडे नाहीत. साक्षीपुरावा तपासून निकाल देणे, दस्तऐवज खरा की खोटा हे ठरवणे आणि जमीन विकू नये म्हणून तातडीने मनाई हुकूम देणे हे न्यायालयच करू शकते.

मध्यस्थीला कायद्याचा आधार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम 89 आजच्या रूपात 1 जुलै 2002 पासून लागू झाले आणि त्यानुसार न्यायालय चालू दावा तडजोडीसाठी मध्यस्थाकडे पाठवू शकते. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲफकॉन्स प्रकरणात कोणते दावे मध्यस्थीयोग्य आणि कोणते नाहीत याची यादीच दिली. वाटणी, वैवाहिक वाद आणि शेजाऱ्यांमधील तंटे पहिल्या गटात आहेत. मध्यस्थ हा बहुधा प्रशिक्षित वकील किंवा न्यायाधीश असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीने ठरवलेले मूळ प्रशिक्षण 40 तासांचे आहे. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोन्ही पक्षांशी एकत्र बोलतो, मग प्रत्येकाशी वेगळे बोलतो, आणि वेगळ्या बैठकीत सांगितलेली गोष्ट संमतीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. तडजोड झाली नाही, तर न्यायाधीशांकडे एवढाच अहवाल जातो की ती झाली नाही. कोण काय बोलले, कोण किती सोडायला तयार होते, हे त्यात येत नाही. दावा जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो, म्हणून बसून पाहण्यात कायदेशीर नुकसान नाही. न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीसाठी पक्षकारांकडून मध्यस्थाची फी घेतली जात नाही आणि तडजोड झाल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे.

या दोन मार्गांतला खरा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका घराची आठ एकर वडिलोपार्जित जमीन आहे, वडील वारले आहेत, दोन भाऊ गावात आहेत, एक बहीण लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात आहे आणि म्हातारी आई धाकट्याकडे राहते. न्यायालय हिस्से ठरवेल आणि ते कायद्याने अचूक ठरवेल. पण विहीर थोरल्याच्या हिश्शात गेल्यावर पाणी कोणत्या दिवशी कोणाचे, वीजजोडणी वडिलांच्या नावावर आहे तर बिल कोण भरणार, सोसायटीचे पीककर्ज कोणाच्या अंगावर, मागच्या वावरात बैलगाडी कुठून न्यायची, आईचे औषधपाणी कोण बघणार, हे प्रश्न दाव्यातील मागणीत आलेलेच नसतात आणि जे मागितलेले नाही ते न्यायालय सहसा देत नाही. मध्यस्थीच्या टेबलावर हे सर्व एकाच कागदात येऊ शकते. वरुड-मोर्शीकडे जिथे संत्र्याची बाग वाटायची असते, तिथे हा फरक आणखी मोठा होतो, कारण एकराने सारखा असलेला हिस्सा झाडांच्या वयाने आणि पाण्याने मुळीच सारखा नसतो.

याच उदाहरणातली बहीण विसरता येणार नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट केले. प्रत्यक्षात अनेक ‘आपसातल्या’ वाटण्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी या गृहीतकावरच उभ्या असतात. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. मध्यस्थाने तिच्याशी भावांच्या गैरहजेरीत बोलणे हा या प्रक्रियेचा फार मोठा लाभ आहे. हक्क माहीत असूनही तिला सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय, पण आपल्याला हक्क आहे हे तिला कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेबाबत हे अधिकच खरे आहे. पतीच्या मालमत्तेत ती, मुले आणि सासू हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, दीर नाही. तरीही तिला बैठकीत शेवटी विचारले जाते. मुले अज्ञान (अठरा वर्षांखालील) असतील, तर चालू दाव्यात त्यांच्या वतीने तडजोड करण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती अट मुलांच्या रक्षणासाठी आहे हे ध्यानात ठेवावे.

आता कागदाविषयी. मध्यस्थीत झालेली तडजोड न्यायालयासमोर ठेवली की तिच्यावर तडजोडीचा हुकूमनामा होतो आणि कोणी तो मोडल्यास नव्याने दावा न करता त्याची अंमलबजावणी मागता येते. दाव्यातील जमिनीपुरत्या अशा हुकूमनाम्याला नोंदणी सक्तीची नसते. मात्र दाव्यात नसलेले घर किंवा प्लॉट तडजोडीत ओढला, तर त्यासाठी नोंदणी लागते, हे वकिलाकडून आधीच तपासून घ्यावे. याउलट शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर पंचांच्या सह्यांनी लिहिलेली वाटणी दहा वर्षांनी पुढची पिढी नाकारू लागली, तर तिचा बचाव करणे कठीण जाते. फारकतीच्या बाबतीत तर ही चूक फार महाग पडते. नोटरीसमोर लिहिलेल्या फारकतनाम्याने हिंदू विवाह कायद्याखालील लग्न संपत नाही. समाजातील जुनी रूढी सिद्ध करता आली तरच त्याला अपवाद आहे. त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेली व्यक्ती फौजदारी अडचणीत येऊ शकते आणि दुसऱ्या लग्नातील स्त्रीचे हक्कही धोक्यात येतात.

लोकअदालत हा मार्ग मध्यस्थीसारखा दिसतो, पण त्याचा उपयोग वेगळा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. दाखलपूर्व, म्हणजे न्यायालयात अजून दाखल न झालेली, प्रकरणेही तिथे ठेवता येतात. मात्र एका दिवसात एका पॅनेलसमोर कितीतरी फायली येतात, त्यामुळे बँकेचे थकीत कर्ज, वीजबिल, धनादेशाचे प्रकरण किंवा अपघाताची भरपाई अशा आकड्यांच्या वादांना ती उत्तम आहे. भावांमधले पंधरा वर्षांचे दुखणे तिथे अर्ध्या तासात उलगडत नाही. आधी मध्यस्थीत किंवा गावात सर्व ठरवून घेऊन लोकअदालतीत केवळ शिक्कामोर्तब करून घेणे, हा तिचा सर्वांत चांगला वापर आहे. अपील नसल्यामुळे सही करण्यापूर्वी प्रत्येक अट वाचून घ्यावी, वाचता येत नसेल तर वाचून मागावी.

गावच्या समितीबद्दल मला आदर आहे. 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमुळे ग्रामसभेने निवडलेली समिती गावोगावी उभी राहिली आणि विदर्भात तिने धुऱ्याच्या भांडणांपासून प्रेमविवाहांपर्यंत अनेक विषय हाताळले. तिचे बळ जवळिकीत आहे. कोणाचा धुरा कधी कोरला गेला, विहीर कोणाच्या आजोबाने खोदली, हे तिथे साक्षीपुराव्याविना माहीत असते, आणि डोके फुटण्याआधी त्याच संध्याकाळी दोघांना समोरासमोर बसवता येते. पण जवळीक हाच तिचा दोषही होतो. अध्यक्ष कोणत्या गटाचा, कोणत्या समाजाचा, मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत कोण कोणाच्या विरोधात होते, हे सारे त्या बैठकीत बसलेले असते. गोपनीयता उरत नाही आणि दुबळ्या पक्षाला ‘गावाचे ऐक’ एवढेच ऐकवले जाते. तिच्यासमोरचा कागद आपोआप हुकूमनामा ठरत नाही. म्हणून लहान, ताज्या, समबलांच्या वादासाठी समिती, आणि जमिनीचा हक्क बदलणार असेल तर तिथले ठरलेले लोकअदालतीत नेणे, असा क्रम मी सुचवेन. जात पंचायतीचा विचार मात्र या तुलनेत करूच नये. दंड, वाळीत टाकणे अशा गोष्टींना महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी 2016 च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे.

वैवाहिक वादात मध्यस्थीला न्यायालयांचे विशेष पाठबळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात अशी प्रकरणे मध्यस्थीकडे पाठवण्यावर भर दिला. नांदायला जाणे शक्य नसेल, तरीही एकमेकांवर आरोप न करता वेगळे होणे, खावटीची एकरकमी रक्कम, स्त्रीधनाची परतफेड आणि मुलांच्या भेटी ठरवणे हे सर्व मध्यस्थीत होऊ शकते, आणि त्यानंतर परस्पर संमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची मुदतही योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, हे 2017 पासून स्पष्ट आहे. परंतु जिथे मारहाण आहे, जिथे बाई नवऱ्यासमोर मान वर करून बोलू शकत नाही, तिथे आधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश आणि अंतरिम खावटी मिळवावी. मध्यस्थीचा विचार त्यानंतर, आणि तिची इच्छा असेल तरच. छळाचा फौजदारी गुन्हा आपसात लिहून देऊन संपत नाही, तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते, हेही सही करण्याआधी माहीत असावे.

बनावट विक्रीपत्र, खोटी सही, फसवणुकीचे गंभीर आरोप यांत सरळ न्यायालयाचाच मार्ग घ्यावा. आणखी एका गोष्टीकडे मी आग्रहाने लक्ष वेधतो : गावात बोलणी चालू आहेत म्हणून कायद्याची मुदत थांबत नाही. पांदण किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जाण्यासाठी सहा महिनेच असतात, आणि ‘पेरणी होऊ द्या, मग बसू’ म्हणता म्हणता ते निघून जातात. अर्ज आधी दाखल करावा आणि मग समितीत किंवा मध्यस्थासमोर बसावे. दाखल केलेला अर्ज तडजोडीच्या आड येत नाही.

मध्यस्थी अधिनियम, 2023 मुळे या क्षेत्राला स्वतंत्र कायदा मिळाला असून त्याची काही कलमे 9 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली आहेत. त्याच्या मांडणीत मध्यस्थी 120 दिवसांत पूर्ण करण्याची आणि संमतीने 60 दिवस वाढवण्याची तरतूद आहे. सामुदायिक मध्यस्थीचेही त्यात प्रकरण आहे, परंतु तिच्यातून झालेला करार गावातील शांततेसाठी मानलेला आहे, हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणण्याजोगा नाही.

ज्यांनी मध्यस्थी निवडली, त्यांनी अटी लिहिताना घाई करू नये. ‘कापूस विकल्यावर पैसे देईन’ ही अट वाद पुन्हा उभा करणारी आहे. ‘31 जानेवारीपर्यंत अमुक खात्यात, न दिल्यास अमुक व्याजाने’ असे लिहावे. गट क्रमांक, चतु:सीमा, रस्त्याची रुंदी, पाण्याचे दिवस आणि मोजणीचा खर्च कोणाचा हे कागदावर यावे, आणि फार लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे अडेल असा तुकडा तर पडत नाही ना, हे पटवाऱ्याकडून आधी विचारून घ्यावे. दावा चालू असेल तर मध्यस्थीची विनंती वकिलामार्फत किंवा स्वतः न्यायाधीशांकडे करता येते. दावा नसेल तर तालुका न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो, आणि 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारणा करता येते. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, आणि वैवाहिक वाद असेल तर लग्नाचा पुरावा व मुलांचे जन्मदाखले बरोबर न्यावेत.